निसर्गाची साक्ष आणि प्रेमाचा युक्तिवाद

शाळेच्या स्मरणिकेत प्रेमकवितेवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. आपली मुले-मुली प्रेमाची भाषा प्रथम ऐकतात ती चित्रपटगीतांतून आणि पुढे कधीतरी वाचतात ती इंग्रजीच्या तासाला. दोन्ही ठिकाणी नदी सागराला भेटत असते, चांदणे पाण्यावर उतरत असते, वेल झाडाला बिलगत असते; आणि या सगळ्याच्या आडून कोणीतरी कोणाला तरी काही पटवून देत असते. हे पटवून देणे नेमके कसे घडते, त्यात सौंदर्य कोठे असते आणि दडपण कोठे असते, हे ज्याला ओळखता येते त्याला कविता अधिक कळते. शिवाय उद्या असेच गोड शब्द स्वतःच्या वाट्याला आले, तर त्यांना काय उत्तर द्यायचे तेही त्याला किंवा तिला शांतपणे ठरवता येते. इंग्रजी रोमँटिक काव्यातील काही मोजक्या प्रेमकविता हाताशी घेऊन ही गोष्ट उलगडून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

‘रोमँटिक’ हा शब्द आपण बोलण्यात ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ क्षणभर बाजूला ठेवावा लागेल. साहित्याच्या इतिहासात हे एका कालखंडाचे आणि एका वृत्तीचे नाव आहे. वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह १७९८ साली प्रसिद्ध झाला. तेथपासून साधारणपणे पुढची तीन-साडेतीन दशके हा इंग्रजी रोमँटिक काव्याचा काळ मानला जातो. मराठी समीक्षक त्याला स्वच्छंदतावाद किंवा सौंदर्यवाद म्हणतात. या कवींनी निसर्गाला कवितेच्या मागचा पडदा न मानता तिच्यातले एक पात्र मानले. डोंगर, वारा, चांदणे यांना मन आहे, निदान आपल्या मनाशी त्यांचे काही नाते आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. प्रेमकवितेच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा ठरला.

त्याआधी प्रेमकवितेत निसर्ग नव्हता असे नाही. सतराव्या शतकातील हेरिक आणि मार्व्हेल या कवींनी प्रियेला पटवण्यासाठी निसर्गच वापरला. पण तो धाक म्हणून. फूल आज उमलले आहे, उद्या कोमेजेल. सूर्य मावळतीकडे चालला आहे. तुझे तारुण्यही असेच जाईल, तेव्हा विलंब करू नकोस, असा त्या कवितांचा एकंदर सूर असतो. ही परंपरा रोमन कवी होरेसपर्यंत मागे जाते. तिच्यात निसर्ग म्हणजे घड्याळ. रोमँटिक कवींनी हे घड्याळ उतरवून ठेवले आणि निसर्गाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. त्याला विचारायचा प्रश्नही बदलला. वेळ किती उरला हे आता कोणी विचारीना. जगाचा नियम कोणता, हे विचारले जाऊ लागले.

या साक्षीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पर्सी बिश शेलीची ‘लव्ह्ज फिलॉसॉफी’ ही कविता. ती अवघ्या सोळा ओळींची आहे. आठ-आठ ओळींची दोन कडवी. १८१९ च्या डिसेंबरमध्ये ली हंटच्या ‘द इंडिकेटर’ या साप्ताहिकात ती प्रथम छापली गेली. त्या वेळी शेली इटलीतील फ्लॉरेन्स येथे राहत होता. पश्चिमवाऱ्यावरचे त्याचे विख्यात स्तोत्रही याच शरद ऋतूतले आणि याच परिसरातले. सोफिया स्टेसी नावाची एक तरुणी त्या दिवसांत फ्लॉरेन्सला आली होती. तिला त्याने ही कविता स्वहस्ते उतरवून दिली होती.

कवितेचा आशय चार शब्दांत सांगता येतो. झरे नदीत मिसळतात, नद्या समुद्रात मिसळतात, वारे एकमेकांत मिसळतात. जगात एकटे असे काहीच नाही, सारे काही एका दैवी नियमाने परस्परांत मिसळते. मग मी आणि तू तेवढे वेगळे का? हे झाले पहिले कडवे. दुसऱ्यात डोंगर आकाशाचे चुंबन घेतात, लाटा लाटांना कवटाळतात, ऊन पृथ्वीला मिठी मारते, चंद्रकिरण समुद्राचे चुंबन घेतात. आणि शेवटी पुन्हा प्रश्न: तुझे चुंबन मला लाभणार नसेल, तर या साऱ्याचा उपयोग काय?

पहिल्या वाचनात ही कविता एका दमात पकडते. तिची यमके लाटेसारखी येतात; दोन अक्षरांची मऊ यमके मधूनमधून पेरलेली असल्यामुळे ओळ संपली तरी तिचा नाद संपत नाही. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ मात्र आखूड आहे. सात ओळी वाहत येतात आणि आठवी एकदम थांबते, एखाद्याने बोलता बोलता थांबून समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे तशी. या कवितेला अनेक संगीतकारांनी चाली दिल्या याचे नवल वाटत नाही. रॉजर क्विल्टर याने १९०५ साली दिलेली चाल आजही पाश्चात्त्य गायनाच्या मैफलींत ऐकू येते.

आता तीच कविता सावकाश वाचू. पहिल्या कडव्यातले पुरावे खरे आहेत. झरा नदीला मिळतो, नदी समुद्राला मिळते, हे भूगोलाच्या पुस्तकातले सत्य आहे. दुसऱ्या कडव्यातले पुरावे मात्र वेगळ्या जातीचे आहेत. डोंगर आकाशाला स्पर्श करीत नाही. तो तसा दिसतो एवढेच. चंद्रकिरण पाण्यावर पडतात; त्याला ‘चुंबन’ म्हणायचे हे कवीने ठरवले. म्हणजे माणसाचा शब्द प्रथम निसर्गाला उसना द्यायचा आणि मग तोच शब्द निसर्गाकडून पुरावा म्हणून परत घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. गंमत अशी, की मागणी जसजशी वाढत जाते तसतसा पुरावा विरळ होत जातो. पहिल्या कडव्यात मागणी केवळ मिसळण्याची आहे आणि पुरावा पाण्याचा आहे. दुसऱ्यात मागणी थेट चुंबनाची आहे आणि पुरावा निव्वळ उपमांचा. वाचणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही, कारण नाद त्याला पुढे ओढून नेतो. निसर्गावर मानवी भावना लादण्याच्या या सवयीला पुढे १८५६ साली जॉन रस्किन याने ‘पॅथेटिक फॅलसी’ असे नाव दिले. त्याचा रोख या एका कवितेवर नव्हता. पण तिच्या दुसऱ्या कडव्याला ते नाव चपखल बसते.

शीर्षकातला ‘फिलॉसॉफी’ हा शब्दही सरळ नाही. त्या काळी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांना ‘नॅचरल फिलॉसॉफी’ म्हणत. विज्ञानाच्या अभ्यासकासाठी आज रूढ असलेला ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्द विल्यम ह्यूएलने १८३३ च्या सुमारास घडवला, म्हणजे शेलीच्या निधनानंतर. शेलीला विद्यार्थिदशेपासून रसायनांच्या प्रयोगांचे वेड होते. शिवाय ‘वनस्पतींचे प्रेम’ हा विषय इंग्लंडमध्ये आधीच लोकप्रिय झाला होता. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १७८९ साली ‘द लव्ह्ज ऑफ द प्लांट्स’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले होते. लिनीअसने पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्या संख्येवरून केलेले वनस्पतींचे वर्गीकरण त्यांनी नायक-नायिकांच्या कथांच्या रूपाने सांगितले. तेव्हा सृष्टीतील आकर्षणाचे नियम माणसाच्या प्रेमालाही लागू पडतात, ही कल्पना शेलीच्या वाचकांना परकी नव्हती. ‘प्रेमाचे तत्त्वज्ञान’ या शीर्षकात ‘प्रेमाचे विज्ञान’ अशीही एक छटा आहे, आणि तिच्यात थोडा मिश्कीलपणाही आहे.

मिश्कीलपणा म्हणण्याचे आणखी एक कारण आहे. सारे काही ‘दैवी’ नियमाने चालते असे या कवितेत सांगणारा कवी कोण? ‘द नेसेसिटी ऑफ एथीइझम’ या नास्तिकतेची बाजू मांडणाऱ्या पुस्तिकेपायी १८११ साली ज्याला ऑक्सफर्डमधून काढून टाकण्यात आले, तोच हा शेली. धर्मसंस्थेचा कोणताही नियम न मानणारा माणूस प्रेयसीसमोर मात्र दैवी नियमाचा दाखला देतो. या कवितेचे एक हस्तलिखित ‘अनॅक्रिऑनची धाटणी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. अनॅक्रिऑन हा प्राचीन ग्रीक कवी मद्य आणि प्रेम यांच्या गीतांसाठी प्रसिद्ध. त्याच्या नावावर मोडणाऱ्या एका गीतात पृथ्वीपासून चंद्रापर्यंत जो तो काही ना काही पीतच असतो, मग मित्रांनी मलाच का अडवावे, अशी पिणाऱ्याची तक्रार आहे. साचा तोच: सारे जग करते, मग आम्ही का नाही? तेथे पेला आहे, येथे चुंबन. मैफलीतल्या त्या पिणाऱ्याचे म्हणणे कोणीच गंभीरपणे घेत नाही. सगळे हसतात आणि पेला भरतात. शेलीची कविताही काही अंशी अशा विनोदाच्या अंगाने वाचायची आहे.

परंतु सगळी कविता विनोदावारी नेता येत नाही. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर एक प्रतिमा येते: एखाद्या फुलाने आपल्या भाऊ असलेल्या फुलाला झिडकारले, तर त्या बहीण-फुलाला क्षमा मिळणार नाही. येथवर निसर्गात सारे आपोआप घडत होते. नदीला कोणी ‘तू वाहिलीच पाहिजेस’ असे सांगत नव्हते. येथे एकाएकी झिडकारणे आले, दोष आला आणि क्षमा न मिळण्याची शिक्षाही आली. जे नैसर्गिक आहे ते नाकारणारी अपराधी ठरते, हा गर्भित इशारा एका नाजूक फुलाच्या तोंडून देण्यात आला आहे. माझ्या मते कवितेतली ही सर्वांत जड ओळ आहे, आणि ती सर्वांत हळुवार वाटावी अशी योजना आहे.

‘आहे’ वरून ‘असावे’ वर मारलेली ही उडी तत्त्वज्ञानात प्रसिद्ध आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७४० साली आपल्या ‘ट्रीटिज’च्या तिसऱ्या खंडात तिच्याकडे लक्ष वेधले. लेखक बराच वेळ वस्तुस्थिती सांगत राहतात आणि मग, वाचकाला कळू न देता, कर्तव्य सांगू लागतात. मधला दुवा कोणीच दाखवीत नाही, असे त्याचे म्हणणे. नदी समुद्राला मिळते हे ‘आहे’. म्हणून तू माझी व्हावेस हे ‘असावे’. नदीला नाही म्हणता येत नाही. माणसाला येते, आणि प्रेमाला किंमत आहे ती याच कारणाने. ‘हे निसर्गतःच असे आहे’ या एका वाक्यावर माणसामाणसांतील उच्चनीचता शतकानुशतके उभी केली गेली, हे ज्या समाजाने सोसले आहे त्याला या उडीची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

आणि साक्षीदार निवडले कोणी? फिर्यादीनेच. सृष्टीत विजा आहेत, वाळवंटे आहेत, सावजावर झेपावणारा वाघ आहे, वर्षानुवर्षे एकटा उभा असलेला कडा आहे. यांपैकी कोणालाही शेलीने बोलावले नाही. त्याच्याच पिढीतल्या आणि त्याआधीच्या कवींनी मात्र याच आकाशाकडून नेमकी उलटी साक्ष घेतलेली दिसते. वर्डस्वर्थची ल्यूसी ही डव्ह नदीच्या झऱ्यांच्या काठी राहणारी आणि अकाली गेलेली मुलगी. १८०० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या कवितेत तो तिला शेवाळलेल्या दगडाआड अर्धे लपलेले जांभळे फूल म्हणतो आणि लगेच आकाशात एकच तारा असावा तशी तेजस्वी म्हणतो. शेलीच्या जगात एकटे काही नाही. वर्डस्वर्थच्या जगात जे मोलाचे आहे ते एकटेच आहे. येथे कोणाला काही पटवायचे नाही, कारण जिला पटवायचे ती आता नाही.

पटवण्याच्या दृष्टीने अधिक रंजक आहे रॉबर्ट बर्न्सचे लाल गुलाबाचे गीत. ते १७९४ साली छापले गेले. स्कॉटलंडच्या लोकगीतांतून वेचलेल्या ओळींना बर्न्सने आपला हात लावून ते घडवले. आरंभी प्रेयसी म्हणजे जून महिन्यात नुकताच उमललेला गुलाब. हेरिकने येथे लगेच ‘कोमेजण्या’ची आठवण करून दिली असती. बर्न्स गुलाब तेथेच सोडून देतो आणि समुद्राकडे व खडकांकडे वळतो: सारे समुद्र आटेपर्यंत, उन्हाने खडक वितळेपर्यंत माझे प्रेम राहील. मग कळते की तो दूर निघाला आहे आणि हजारो मैलांवरून परत येण्याचे वचन देतो आहे. त्यालाही काही पटवायचे आहे; ‘वाट पाहा’ एवढेच. परंतु निसर्गाच्या त्या प्रचंड प्रतिमांचा सारा भार त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला आहे. समुद्र आटेपर्यंत निष्ठा ठेवायची आहे ती त्याने. प्रेयसीने काय करावे याविषयी समुद्र काही बोलत नाही. शेली आणि बर्न्स यांच्यातला हा भेद मला फार मोठा वाटतो. कोणतीही प्रेमकविता वाचताना विचारून पाहावे: ही निसर्गप्रतिमा कोणाच्या खांद्यावर ओझे ठेवते, बोलणाऱ्याच्या की ऐकणाऱ्याच्या?

कोलरिजची ‘लव्ह’ ही कविता १७९९ सालची. तिच्यात चांदणे आहे, पडका बुरूज आहे, शस्त्रधारी वीराचा पुतळा आहे. पण पटवण्याचे काम यांतले कोणीच करीत नाही. ते काम एक कथा करते. प्रेयसीला करुण गाणी आवडतात हे कवीला ठाऊक आहे. म्हणून तो तिला एका उपेक्षित वीराची कहाणी गाऊन ऐकवतो. तिचे मन द्रवते आणि शेवटी ती आपण होऊन त्याच्याकडे धावत येते. हाही डावपेचच, हे कवी फारसे लपवीत नाही. तरी पाऊल तिने उचलले आहे.

जॉन कीट्सच्या ‘ब्राइट स्टार’ या सुनीतात तर साक्षीदाराचीच उलटतपासणी होते. हे सुनीत फॅनी ब्रॉनवरच्या त्याच्या प्रेमाशी जोडले जाते. ताऱ्यासारखे अढळ व्हावे, अशी इच्छा तो आरंभी व्यक्त करतो आणि दुसऱ्याच ओळीत ती दुरुस्त करतो: पण त्याच्यासारखे एकाकी नको. मग तो तारा उंचावरून काय काय पाहतो याचे सविस्तर वर्णन येते: पृथ्वीच्या किनाऱ्यांना धुणारे पाणी, डोंगरांवर आणि माळांवर पडलेला नवा बर्फ. हे सारे सुंदर आहे, आणि हे सारे मला नको आहे, असे कवी म्हणतो. त्याला ताऱ्याचे अढळपण हवे आहे, ते प्रियेच्या श्वासोच्छ्वासाशेजारी. निसर्गाने दिलेला आदर्श तो जसाच्या तसा स्वीकारत नाही. त्यातला जो भाग माणसाला मानवतो तेवढाच घेतो. शिवाय तो बोलतो आहे ताऱ्याशी. प्रेयसीकडे त्याने काही मागितलेलेच नाही. क्षयाने ग्रासलेला कीट्स १८२१ च्या फेब्रुवारीत रोममध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. पुढच्याच वर्षी, ८ जुलै १८२२ रोजी, शेली इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाला. त्याचा मृतदेह सापडला तेव्हा खिशात कीट्सच्या कवितांचे पुस्तक होते.

शेलीच्या आयुष्याचा उल्लेख आला आहे तर आणखी थोडे. १८११ मध्ये त्याने हॅरिएट वेस्टब्रुकशी विवाह केला. १८१४ मध्ये तिला सोडून तो मेरी गॉडविनबरोबर निघून गेला. १८१६ च्या डिसेंबरमध्ये हॅरिएट लंडनमधील सर्पेन्टाइन तलावात मृतावस्थेत सापडली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत शेली आणि मेरी यांचा विवाह झाला. कवितेचे मोल कवीच्या चरित्रावरून ठरवू नये हे मला मान्य आहे. तरीही जगातले सारे प्रवाह एकमेकांत मिसळतात, हे ज्या हाताने लिहिले त्या हाताला हेही माहीत होते, की माणसांचे प्रवाह वेगळेही होतात आणि तेव्हा कोणीतरी मागे राहते. ते ज्ञान या सोळा ओळींत कोठेही शिरू दिलेले नाही.

मराठी वाचकाच्या कानाला या कवितेतली नदी-सागराची प्रतिमा अधिकच ओळखीची वाटते. केशवसुतांपासून (१८६६–१९०५) मराठी कवितेने इंग्रजी रोमँटिक कवींशी थेट नाते जोडले. सुनीत हा काव्यप्रकार त्यांनीच मराठीत आणला. माधवराव पटवर्धन यांनी आपल्या ‘माधव ज्यूलियन’ या नावातील ‘ज्यूलियन’ शेलीच्याच ‘ज्यूलियन अँड मॅडालो’ या काव्यावरून घेतले, असे सांगितले जाते. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते एक प्रमुख कवी. प्रेमकवितेला प्रतिष्ठा देण्यात त्यांचा वाटा मोठा. पण शेली येण्याच्या कितीतरी आधी आपल्या संतवाङ्मयात नदी सागराला मिळाली होती; जीव आणि परमतत्त्व यांच्या ऐक्याचा दृष्टान्त म्हणून. त्याहूनही आधी पालि ‘उदान’ या ग्रंथात महासागराचे आठ गुण सांगताना हीच प्रतिमा आली आहे. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या महानद्या समुद्राला मिळाल्या की आपली पूर्वीची नावे टाकतात. त्याचप्रमाणे चारही वर्णांतले लोक संघात आले की आपले पूर्वीचे नाव आणि गोत्र टाकतात. पाणी तेच. एका ठिकाणी त्यातून भक्ती निघते, दुसऱ्या ठिकाणी समता, तिसऱ्या ठिकाणी चुंबनाची मागणी. नदीने स्वतः यांपैकी काहीही म्हटलेले नाही. मराठी मुलगा शेलीची कविता वाचतो तेव्हा या प्रतिमेच्या मागे उभे असलेले पावित्र्यही त्याच्या नकळत त्या मागणीला चिकटते, आणि युक्तिवाद होता त्याहून वजनदार भासू लागतो. शिकवणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते.

मग शेलीची कविता वाचू नये काय? अवश्य वाचावी, मोठ्याने वाचावी, पाठही करावी. तिची एक खुबी तिच्या विरामचिन्हांत आहे. दोन्ही कडवी प्रश्नचिन्हावर संपतात. ‘तू माझी हो’ अशी आज्ञा तिच्यात नाही. ज्याला आपल्या युक्तिवादाची पूर्ण खात्री असते तो निष्कर्ष काढतो. शेली तो काढत नाही, ऐकणारीसाठी जागा सोडतो. कवितेत मात्र तिचे उत्तर नाही. सोळाच्या सोळा ओळी तोच बोलतो.

तिने उत्तर दिले असते तर ते कसे असते? याचा एक मासला रोमँटिक काळाच्या दोनशे वर्षे आधीचा आहे. ख्रिस्तोफर मार्लोच्या एका गाजलेल्या कवितेत एक मेंढपाळ प्रेयसीला दऱ्याखोऱ्या, नद्या, पक्ष्यांची गाणी आणि फुलांच्या शय्या यांचे आमिष दाखवतो. १६०० साली तिला एक उत्तर छापले गेले. ते सर वॉल्टर रॅले यांचे मानले जाते. त्यातली तरुणी निसर्गाला नाकारीत नाही. मेंढपाळाने गाळलेला निसर्ग ती परत आणते. नद्या खवळतात, खडक थंड पडतात, गाणारा पक्षी मुका होतो, फुले कोमेजतात. हिवाळाही येतो हे त्याने सांगितले नव्हते. सारे चिरतरुण असते तर आलेही असते, असे ती शेवटी म्हणते, आणि त्यात थोडी हळहळही आहे.

दुसरा मासला रोमँटिक कवींनंतरच्या पिढीतला: ख्रिस्तिना रोझेटीची ‘नो, थँक यू, जॉन’ ही कविता, १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गॉब्लिन मार्केट’ या संग्रहातली. येथे तीच बोलते आणि जॉन गप्प आहे. मी तुझ्यावर प्रेम करते असे कधीही म्हटलेले नाही, मग हा रोजचा तगादा का, असे ती स्पष्ट विचारते. तिच्या बोलण्यात रोखठोकपणा आहे, थोडी चेष्टा आहे, द्वेष मात्र नाही. मैत्री हवी असेल तर हा माझा हात, त्याहून अधिक काही मनात ठेवू नकोस, असे ती बजावते. निसर्ग या कवितेत जवळजवळ नाहीच. तारे नाहीत, नद्या नाहीत. एके ठिकाणी मात्र तारुण्याचे दिवस हे ऋतू बदलला की उडून जाणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांसारखे आहेत, अशी प्रतिमा येते. हेरिक आणि मार्व्हेल यांनी याच प्रतिमेवरून ‘तेव्हा लवकर ये’ असे म्हटले असते. ती म्हणते: दिवस थोडे आहेत, तेव्हा ते भांडणात घालवू नकोस, मागचे विसर आणि मित्र हो.